कोल्ह्यासाठी कोणती बंदूक घ्यावी

नॉकमोइल, गॉलवे
२ जून २०२५

ती. प्रभाकरकाकांना सारंगचा शिरसाष्टांग नमस्कार,

पाकिटावर आयर्लंडचं तिकीट बघून घाबरू नका, घरी सगळे ठीक आहेत, आईसुद्धा. परवा फोनवर मी 'बंदूक' म्हणालो आणि तुम्ही फोन आपटलात. मग शेजारच्या अनीशच्या मोबाइलवरून निरोप आला की असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, सरकार ऐकत असतं, काय ते पत्राने लिही. म्हणून लिहितोय. शाळा सुटल्यापासून इतकं मराठी हाताने लिहिलं नव्हतं, अक्षराला हसू नका.

विषय असा. डब्लिनचा सँट्रीमधला फ्लॅट सोडून आम्ही गेल्या वर्षी इकडे खेड्यात घर घेतलं. मी घरूनच काम करतो, अधूनमधून ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात तोंड दाखवून येतो. घरामागे चार एकर गवत आहे. त्या गवताचं काय करायचं ते मला कळेना, यामिनीला मात्र लगेच कळलं. तिने कोंबड्या पाळल्या. काका, तुमची ही सूनबाई पुण्यात झुरळ दिसलं की पलंगावर चढायची. ती आता गुडघ्यापर्यंतचे बूट घालून चिखल तुडवत फिरते आणि गॉलवेतल्या झाडून सगळ्या मराठी घरांना अंडी पुरवते. धंदा मस्त चाललाय.

पण कोल्हा आहे. चोरून येणारा असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. हा भर दुपारी येतो. मी मीटिंगमध्ये असतो, समोर खिडकी, आणि हा माझ्याकडे बघत बघत कोंबडी उचलून नेतो. एकदा मी म्यूट करायला विसरलो होतो. माझी अस्सल पुणेरी शिवी अख्ख्या युरोपच्या टीमने ऐकली.

शेजारी मार्टिन नावाचा मेंढपाळ आहे. तो म्हणतो, रायफल घे, इथे सगळे घेतात. मी गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने मलाच प्रश्न विचारले. कॅलिबर कुठलं? दुर्बीण किती ताकदीची? आवाज दाबायची नळी हवी का? मी आयुष्यात धरलेलं सगळ्यात भयंकर हत्यार म्हणजे आपली विळी. आपल्या घराण्यात दारूगोळ्याशी संबंध आलेला माणूस तुम्हीच. तुम्ही खडकीच्या कारखान्यात होतात, हिशेब खात्यात का असेना. तर सांगा, काय घेऊ?

आई बरी आहे. बोलत फारशी नाही. बाबा गेल्यापासून जे गप्प झालीय ते तसंच. आम्हीही घरात त्यांचा विषय काढत नाही, उगाच तिच्या जखमेवर बोट नको.

तुमचा,
सारंग


बोपोडी, पुणे
१९ जून २०२५

चि. सारंग यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लगेच फाडून टाकलं. मग उत्तर लिहायला बसलो तेव्हा ते चिकटपट्टीने पुन्हा जोडावं लागलं. यापुढे प्रश्न वेगळ्या कागदावर लिही म्हणजे एकच कागद फाडता येईल.

'हिशेब खात्यात का असेना' हे तुझं वाक्य मला लागलं. कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पेटीवर आधी माझी सही झालेली आहे. शत्रूची पाळी त्यानंतर.

आता कामाचं. पॉइंट टू-टू घेऊ नकोस. ती जत्रेतले फुगे फोडायला ठीक. थ्री-नॉट-थ्री घे. त्या बंदुकीवर दोन महायुद्धं निभावली, एक कोल्हा निभावणार नाही का? दुर्बीण मोठ्यात मोठी घे. मला स्वतःला दुर्बिणीतून कधी बघायची वेळ आली नाही, पण मोठी वस्तू घेतलेली बरी, मागून लहान करता येते.

मला पुढील माहिती तातडीने हवी: कोल्ह्याचं वजन, उंची, तो पळताना डावीकडे वळतो की उजवीकडे, आणि स्वभाव. शत्रूचा स्वभाव कळल्याशिवाय बंदूक निवडणारा माणूस मूर्ख.

आणखी एक. वहिनी माझ्या फोनवर येत नाहीत. दादाने माझ्याशी बोलणं टाकलं तेव्हापासून त्यांनीही टाकलं की काय? तू तेव्हा तिकडे होतास, म्हणून सांगतो. तुझ्या भार्गवीच्या बारशाला मी चार लोकांत फक्त एवढंच म्हणालो की आमचा दत्तात्रयदादा पालीला घाबरून संडासात कोंडून बसला होता. सगळे हसले. दादा त्या दिवसापासून माझ्याशी शब्द बोलला नाही आणि तसाच गेला. पण पाल होती, हे सत्य आहे.

तो गेल्यापासून पितृपक्षात मी गच्चीवर त्याचं पान ठेवतो. कावळा शिवत नाही. कठड्यावर बसतो, माझ्याकडे बघतो आणि उडून जातो. यंदा तिकडेही पान ठेवा. प्रयत्न दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे.

प्रभाकर


नॉकमोइल
२४ जुलै २०२५

काका, नमस्कार.

थ्री-नॉट-थ्रीचं नाव काढल्यावर दुकानदार नम्रपणे खोकला आणि मार्टिन हसून हसून काउंटरवर डोकं टेकून बसला. म्हणाला, कोल्हा मारायचाय की पलीकडचं गाव? शेवटी टू-टू-थ्री ठरली. पॉइंट टू-टू जवळच्या सशापुरती, कोल्हा लांब असला तर तो नुसता जखमी होतो आणि ते वाईट. टू-टू-थ्री लांबवर सरळ जाते आणि जनावर जागच्या जागी पडतं. प्रत्येक गोळीनंतर पुढची भरायला हाताने खटका मागे ओढायचा असतो, ते मला बरं वाटलं. विचार करायला वेळ मिळतो. दुर्बीण मध्यम घेतली, कारण फार मोठी घेतली तर जवळचा कोल्हा नुसताच लाल भिंतीसारखा दिसतो. पुढे टेकवायला दोन पायांचा स्टँड. आणि आवाज दाबायची नळी, मार्टिनच्या मेंढ्या दचकायला नकोत म्हणून.

खरी गोम वेगळीच आहे. गोळी चुकली तर ती जाऊन थांबणार कुठे? इथे शेताला दगडी भिंती. दगडावर आपटून गोळी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरेल याचा नेम नाही. म्हणून मार्टिनने ट्रॅक्टरने मातीचा मोठा ढिगारा घालून दिलाय. कोल्हा त्या ढिगाऱ्याच्या पुढे उभा असेल तरच गोळी मारायची. म्हणजे आता कोल्ह्यालाच विनंती करायची की जरा इकडे सरकून उभे राहा.

नेमबाजीचा कोर्स केला. मी बरा आहे. यामिनी बघायला आली होती, तिला सहज हातात दिली तर तिने मधोमध मारली. आता ती माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघते.

परवान्याआधी बंदुकीचं लोखंडी कपाट तपासायला इथले पोलीस, म्हणजे गार्डा, घरी आले. आमचं कपाट आधीच आलं होतं आणि रिकामं होतं. रिकामं कपाट आईला बघवत नाही. गार्डाने दार उघडलं तर आत चिवडा, चकल्या, लिंबाचं लोणचं आणि तिच्या सोन्याच्या पाटल्या नि बिलवर. तो म्हणाला, हे काय? आईने त्याला बशीत चिवडा दिला. त्याने दोनदा मागून घेतला. जाताना म्हणाला, कपाट ग्रँड आहे, भक्कम आहे, पण बंदूक आली की त्यात बंदूकच ठेवायची आणि किल्ली तुझ्याकडेच. आईला हे अजिबात पटलेलं नाही. बंदूक काय मुंग्या खातात का, म्हणते.

वजन माहीत नाही. वळतो उजवीकडे. स्वभाव उद्धट.

सारंग


बोपोडी
९ ऑगस्ट २०२५

चि. सारंग,

तुझ्या कोल्ह्याचा अभ्यास केला. उद्धट आणि उजवीकडे वळणारा म्हणजे अनुभवी. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला मातीचा ढिगारा समजून छत्रीने सराव करून पाहिला. निष्कर्ष: पालथं झोपून नेम धरलास तर उत्तम, पण झोपताना पोट आडवं येतं. माझं आलं. तुझंही येईल, आपल्या घराण्यात ते आहे.

नंतर मला उठता येईना. अनीशने उठवलं. सोसायटीत उगाच चर्चा झाली, ती असो.

पितृपक्ष विसरू नकोस. दादाची तिथी अष्टमी.

प्रभाकर


नॉकमोइल
१६ सप्टेंबर २०२५

काका,

परवाना आला, बंदूक आली, आणि आता ती चालवता येत नाही. नीट सांगतो.

परवा अष्टमी होती. आईने पहाटेपासून सगळं रांधलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, गवार. बाबांना गवार आवडायची नाही, पण पानात भाजी कमी नको म्हणून केली. पान मागच्या दगडी भिंतीवर ठेवलं. इथे कावळे खंडीभर आहेत. रोज यामिनीच्या कोंबड्यांचे दाणे चोरतात. त्या दिवशी एकजणही फिरकला नाही. आम्ही सगळे हात जोडून उभे. यामिनीने हळूच विचारलं, इथल्या कावळ्यांना माहीत असेल का? आई म्हणाली, भूक सगळ्यांना माहीत असते.

तेवढ्यात तो आला. कोल्हा. उडी मारून भिंतीवर चढला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे जेवायला बसला. आधी वडे खाल्ले. मग खीर, चाटूनपुसून. भोपळाही संपवला. गवार पंजाने बाजूला सारली आणि तशीच ठेवली.

आई म्हणाली, "आले."

दोन वर्षांत तिचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मग ती पदर डोळ्याला लावून हसत होती की रडत होती कोण जाणे, पण मला म्हणाली, "बघितलंस? गवार टाकली. तेच आहेत."

भार्गवीने तिच्या आयरिश इंग्रजीत विचारलं, "डॅड, इज ग्रँडॅड अ फॉक्स नाऊ?" मी म्हणालो, गो अँड फिनिश युअर होमवर्क.

यामिनीचा मात्र स्फोट झाला. आत आल्यावर दार लावून म्हणाली, "तुझे बाबा माझ्या कोंबड्या खातात! अरे, ते जन्मभर शाकाहारी होते!" आईने बाहेरून ऐकलं. बाहेरूनच म्हणाली, "जन्मभर मन मारून राहिले, म्हणून आता खातात."

आता ताट रोज जातं. आई रोज भिंतीशी बसून त्याच्याशी बोलते. आणि जेवताना सगळा विषय बाबांचाच. बाबा बशीतून चहा कसे प्यायचे, मला सायकल शिकवताना स्वतःच कसे नाल्यात पडले. परवा रात्रीच मी ती गोष्ट भार्गवीला सांगितली, ती खुर्चीवरून खाली येईपर्यंत हसली.

कपाटात टू-टू-थ्री, बाहेर बाबा, आणि मध्ये यामिनीचा धंदा. मार्गदर्शन करा. हा कागद फाडलात तरी चालेल.

सारंग


बोपोडी
३० सप्टेंबर २०२५

सारंग,

पत्र फाडलं नाही. तीनदा वाचलं आणि जेवलो नाही.

अष्टमीला इथे काय झालं ते ऐक. स्वयंपाकाच्या बाईंना जास्तीचे वडे करायला सांगितले, गच्ची स्वतः झाडली, पान ठेवलं आणि मिटलेल्या छत्रीला टेकून समोरच उभा राहिलो. कावळा कठड्यावर आला आणि बसून राहिला. आपल्यात म्हणतात ना, गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, तिचं नाव घेऊन वचन द्यावं लागतं. मी एकेक वचन देत गेलो. म्हणालो, सारंगला प्रमोशन मिळेल. म्हणालो, वहिनींना काशीला नेईन. म्हणालो, घरात पाल दिसली तर मी स्वतः मारीन. शेवटी म्हणालो, पाल नव्हतीच, मी खोटं बोललो. ते साफ खोटं होतं, तरी म्हणालो. कावळा उडाला. ऊन लागून मला चक्कर आली.

आणि त्या वेळी तो तिकडे तुझ्या भिंतीवर बसून खीर चाटत होता! आयुष्यात हा माणूस लोणावळ्याच्या पुढे गेला नाही. विमानाचं नाव काढलं की विषय बदलायचा. मेल्यावर थेट गॉलवे! सख्ख्या भावाच्या गच्चीवर यायला काय झालं होतं? बोपोडी काय वाईट आहे?

आधी खात्री करून घे. त्याला 'दत्तू' म्हणून हाक मार, कान हलतात का बघ. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री लाव. दादा असेल तर आउट झाला की उठून जाईल. आणि पाल दाखव. आयर्लंडमध्ये पाल नसेल तर चित्र काढून दाखव. घाबरला तर तोच.

तोच निघाला तर माझं मत असं की टू-टू-थ्री कमी पडेल. टू-फोर-थ्री घे.

नको. राहू दे. रागाच्या भरात लिहिलं. मारू नकोस. आधी त्याला विचार, माझ्याकडे का येत नाहीस. नुसतं विचार. उत्तर काय देणार, कोल्हा आहे तो, पण तू विचार.

प्रभाकर


नॉकमोइल
१७ ऑक्टोबर २०२५

काका,

चाचण्या घेतल्या. 'दत्तू' म्हटल्यावर कान हलले. पण मी 'मार्टिन' म्हणालो तरी हलले आणि 'ब्लूटूथ' म्हणालो तरी हलले. क्रिकेट लावलं तर झोपला. बाबाही झोपायचे, त्यामुळे ते दोन्हीकडे धरता येतं. पालीचं चित्र भार्गवीने काढलं, ते त्याने खाल्लं.

मधल्या काळात खंडेनवमी झाली. आईने हट्टच धरला की घरात शस्त्र आहे तर पूजा झाली पाहिजे. मी बंदूक रिकामी असल्याची चारदा खात्री करून पाटावर ठेवली. हळद-कुंकू, झेंडूची माळ, पेढा. कुंकवाचं बोट तिने नेमकं दुर्बिणीच्या काचेवर टेकवलं. मी कितीही पुसलं तरी एका कोपऱ्यात लाली राहिलीय.

मग यामिनीची सगळ्यात लाडकी कोंबडी गेली, तिने पहिल्यांदा विकत घेतलेली. यामिनी ओरडली नाही. भांडी घासत म्हणाली, "रविवारपर्यंत हा कोल्हा गेला नाही तर मी कोंबड्या विकणार, आणि भार्गवीला घेऊन सँट्रीला जाणार. तू इथे राहा बाबांबरोबर." ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी उजेड असतानाच मागच्या खोलीत खिडकी उघडून पालथा झोपलो. पोट आलं आडवं, तुमचं बरोबर होतं. आई आत विष्णुसहस्रनाम लावून बसली होती, म्हणजे तास तरी मोकळा. कोल्हा आला आणि काका, खरं सांगतो, थेट मातीच्या ढिगाऱ्यासमोर येऊन उभा राहिला. इतकी सरळ जागा मला परत मिळाली नसती. दुर्बिणीत तो स्पष्ट दिसत होता. मी श्वास धरला.

आणि दुर्बिणीत आईची शाल आली. ती कधी बाहेर गेली मला कळलंच नाही. मी बोट झटकन बाजूला घेतलं. ती भिंतीशी बसली, ताट ठेवलं आणि त्याला सांगायला लागली की सारंगच्या डोक्यावर आता टक्कल पडायला लागलंय, अगदी तुमच्यासारखं मागून. आणि हसली, खळखळून.

मी गोळी काढली, बंदूक कपाटात ठेवली, किल्ली खिशात. आई आत गेल्यावर मी बाहेर जाऊन तिच्या जागेवर बसलो. कोल्हा होताच. मी त्याला सांगितलं, बाबा, मला यायला उशीर झाला. विमान मिळालं नाही हे मी सगळ्यांना सांगितलं ते खरं आहे, पण मी हीथ्रोवर बसून होतो तेव्हा मला वाटत होतं की तुम्ही थांबाल. हे मी कुणाला बोललो नव्हतो. रडलो, लहान पोरासारखा हमसून रडलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा जांभई दिली. बाबाही द्यायचे. तुमचा प्रश्नही विचारला. तो उठून उजवीकडे निघून गेला.

मागे वळलो तर यामिनी दारात उभी. दुसऱ्या दिवशी तिने कोंबड्यांभोवती लावायची विजेच्या तारांची जाळी मागवली. रविवार गेला, ती सँट्रीला गेली नाही.

पण दोन गोष्टी आहेत. मार्टिन भडकलाय. त्याच्या मेंढ्या व्यायच्या आत कोल्हा गेला पाहिजे, तू मारत नसशील तर मी मारतो, म्हणाला. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, मी त्याला काय सांगू? हा माझा बाप आहे? दुसरं त्याहून वाईट. तो सहज बोलून गेला की ही मादी आहे, वसंतात तिची पिल्लं होती.

आईला हे मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. तिला सहन होणार नाही.

सारंग


बोपोडी
३ नोव्हेंबर २०२५

चि. सारंग,

आत्म्याला स्त्री-पुरुष भेद नसतो, हे मी स्वतः प्रवचनात ऐकलंय. तरी वहिनींना सांगू नकोस. माझ्या तोंडून हा शब्द बाहेर पडणार नाही. अनीशलासुद्धा सांगितलं नाही, म्हणजे सांगितलं, पण शपथ घालून.

भिंतीवर पुन्हा जाशील तेव्हा माझा हा निरोप वाचून दाखव: दादा, पाल मोठी होती. चांगली वीतभर. कुणीही घाबरलं असतं. मीही घाबरलो असतो.

मोठ्याने वाच. त्याला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं.

प्रभाकर


नॉकमोइल
२० नोव्हेंबर २०२५

प्रभाकरभाऊजींना शोभनाचा नमस्कार.

माझं पत्र बघून नवल वाटेल. सारंग तुम्हाला काय काय लिहितो ते मला माहीत आहे, कारण तो लिहिताना मोठ्याने वाचतो, आणि तुमची पत्रंसुद्धा. हे पत्र मी यामिनीला पोस्टात टाकायला दिलंय, त्याला कळणार नाही.

तो कोल्हा नाही, कोल्हीण आहे, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. मला डोळे आहेत. तुमचे दादा नाहीत, हेही मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं त्या माणसाला वाढलंय, ते कोण आणि कोल्हा कोण एवढं मला कळतं. 'आले' हे त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. कुणीतरी जेवायला आलं म्हणून बरं वाटलं, एवढंच.

मी लगेच सांगणार होते. पण त्या रात्री जेवताना सारंगने भार्गवीला बाबांची सायकलची गोष्ट सांगितली. भाऊजी, मी इथे आले तेव्हापासून या घरात कुणी त्यांचं नाव घेत नव्हतं. फोटोसुद्धा सारंगने टेबलाच्या खणात ठेवला होता, मला त्रास होईल म्हणून. मला त्रास त्याचाच होत होता. कधी कधी वाटायचं, या माणसाला मी एकटीच ओळखत होते की काय? आता पोर रोज विचारते, आज्जी, आजोबांची अजून एक सांग. सारंग भिंतीशी बसून रडला, ते मी आतून पाहिलं. ते गेले तेव्हा तो रडला नव्हता. मग मी कशाला सांगू?

यामिनीला सगळं माहीत आहे. कोंबड्या आता जाळीच्या आत असतात आणि संध्याकाळी दार मी लावते. आमच्या दोघींचं तसं ठरलंय. ती पोरगी फार गुणाची आहे, तुम्ही तिला कधी दोन शब्द चांगले लिहा.

तुमच्यावर ते रागावलेले नव्हते. पहिलं वर्षभर होते, नंतर नव्हते. फोन करायला लाजत होते. मी म्हणायचे करा, ते म्हणायचे आता इतक्या उशिरा काय बोलू? मी फोनवर येत नव्हते, कारण मलाही तेच वाटायचं. आता येत जाईन. रविवारी करा. आणि गच्चीवर पान ठेवलंत की बाजूला व्हा. तुम्ही समोर छत्री घेऊन उभे राहता, कुठला कावळा येईल?

आता जे सांगायला हे पत्र लिहितेय ते. गेल्या सोमवारी सारंग डब्लिनला ऑफिसात गेला होता, तेव्हा मार्टिनच्या शेतातून एक बार ऐकू आला. एकच. संध्याकाळी त्याची बायको ब्रीडा सफरचंदाचा गरम केक घेऊन आली. माझ्याकडे बघत नव्हती. मी केक घेतला आणि तिला पुडीत चिवडा बांधून दिला. त्यांच्या मेंढ्या आहेत, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तो केक मला खाववला नाही. बाई होती हो ती, पिल्लांची आई.

तेव्हापासून भिंतीवर कोणी येत नाही. मी ताट नेते. थोडा वेळ बसते. मग भिंतीच्या पलीकडे वळून, जिथे सारंगच्या खिडकीतून दिसत नाही तिथे उभी राहून, ते सगळं मीच खाते. भात गार झालेला असतो. शास्त्रात बसतं की नाही कोण जाणे. गवार मात्र टाकते, नाहीतर त्याला शंका येईल.

आत आले की तो कॉम्प्युटरवरून मान वर करून विचारतो, "आई, बाबा जेवले?"

मी म्हणते, हो रे, पोटभर जेवले.

शोभना